टाकाऊपासून टिकाऊ, पण किती दिवस?

बी.एड.ला असताना 'टाकाऊपासून टिकाऊ' या विषयावरच्या पाठाला आम्हाला चांगले गुण मिळाले होते. पुढे गोवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी लागली आणि दर वर्षी कार्यानुभवाचे प्रदर्शन भरवायचे काम आम्हा दोघा-तिघा शिक्षकांकडे आले.

शाळेच्या गच्चीवरून देवनारचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. 1927 पासून मुंबई आपला कचरा येथे टाकत आली. 2016 च्या जानेवारीत या डोंगराला आग लागली, तेव्हा धुरामुळे परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. येथल्या मुलांना कचऱ्याचा विषय शिकवायचा म्हणजे त्यांच्याच घरची गोष्ट त्यांना सांगायची. हे आम्हाला उशिरा कळले.

एका वर्षी आठवीच्या वर्गाला आम्ही चंदीगडच्या नेकचंद यांची हकिकत सांगितली. बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक असलेला हा माणूस. फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशांचे तुकडे गोळा करून त्यांनी रॉक गार्डन उभारले. 1976 साली ते लोकांसाठी खुले झाले. मुले भारावून गेली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने दहा रिकाम्या बाटल्या आणायचे ठरले. त्यांचे मोर झाले, फुलदाण्या झाल्या, मिनार झाले. पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केले.

प्रदर्शन संपले. मोर ठेवायला कपाट नव्हते. जिने सर्वांत जास्त बाटल्या आणल्या होत्या, त्या मुलीला आम्ही म्हणालो, "बेटा, तू घेऊन जा." तिने मोर उलटसुलट करून पाहिला आणि हळूच म्हणाली, "टीचर, अब तो ये भंगार में भी नहीं बिकेगा."

तिची अम्मी कचरा वेचते. बाटली स्वच्छ असेल, झाकण वेगळे केलेले असेल, तर भंगारवाला किलोवर पैसे देतो. गोंद, ऑइलपेंट, चमकी लागली की तो हात लावत नाही. तिच्या घरची कमाई घेऊन आम्ही तिला खरा कचरा परत करत होतो!

त्याच आठवड्यात आम्ही तिच्या अम्मीला वर्गात बोलावले. खाला संकोचत आल्या. प्लास्टिक बोटांनी चुरगाळून, नुसत्या आवाजावरून त्याची जात कशी ओळखायची, हे त्यांनी दाखवले. वर्ग इतका शांत आम्ही कधी पाहिला नव्हता. ती मुलगी मात्र हसत होती.

आता आमच्या प्रदर्शनात गोंद नसतो. सुतळी, तार आणि खाचा एवढ्यावरच काम चालते. प्रदर्शन संपले की मुले वस्तू सोडवतात आणि बाटल्या ज्याच्या त्याच्या घरी जातात. कलेसाठी एखादी वस्तू उचलण्यापूर्वी तिच्यावर कोणाचे पोट तर नाही ना, एवढे विचारायला आम्ही शिकलो.

तरीही दर वर्षी एक पिशवी उरतेच. बिस्किटांची चकचकीत वेष्टने, थर्माकोलचा चुरा, संपलेली स्केचपेने. ती कोणीच घेत नाही. मुले विचारतात, "टीचर, हे कुठे जाणार?" त्यांना उत्तर ठाऊक असते. तरीही ती विचारतात आणि आम्हाला दर वर्षी खाली मान घालावी लागते.