बाराशे पन्नासवरच चालणारा कॉम्प्युटर

२००६ चा मे महिना होता. चोपड्यात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडत, कूलरमध्ये संध्याकाळपर्यंत दोनदा पाणी भरावं लागे आणि माझा घरचा कॉम्प्युटर दर दहा-पंधरा मिनिटांनी निळा पडदा दाखवून आपोआप रीस्टार्ट होई.

काम साधंच होतं. माझी फुई, म्हणजे आत्या, कानबाई देवीची गाणी म्हणते. देवीच्या रोटांच्या उत्सवात रात्र रात्र जागून म्हटलेली तिची अहिराणी गाणी मी अकरा कॅसेटवर भरून ठेवली होती. फिती आता चिकटू लागल्या होत्या. टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून गाणी उतरवायची, त्यांच्या एमपीथ्री करायच्या आणि श्रावणात कानबाई बसायच्या आत सीडी फुईच्या हातात ठेवायची, असं ठरवलं होतं. गाणं उतरवताना मशीन नीट चाले. एमपीथ्री करायला घेतली, प्रोसेसरवर पूर्ण भार आला, की पडदा निळा.

मशीन २००३ मध्ये असेंबल करून घेतलेलं. आत एएमडीचा ॲथलॉन एक्सपी २०००+ प्रोसेसर. ज्यांच्याकडे नेलं ते म्हणाले, व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. मारला. पण विंडोज एक्सपी टाकतानाच ‘३९ मिनिटं बाकी’ या पाटीवर मशीन अडकलं. विंडोज अजून पुरती बसलीच नव्हती, तिला व्हायरस कुठून लागणार? मी मशीन घरी घेऊन आलो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एका वेळी एकच बदल करायचा आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं, हे दरवर्षी आठवीच्या मुलांना सांगतो. तेच केलं. एक वही घातली.

पहिला संशय उन्हाळ्यावर. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ आणि कापसाच्या तंतूंची गादीच बसलेली. आमच्या भागात कापसाचा हंगाम आला की तूस घरात येतोच. रंगाच्या ब्रशने सगळं काढलं, थर्मल पेस्ट नवी लावली. प्रोसेसरचं तापमान सत्तरवरून चोपन्न अंशांवर आलं, पण मशीन पडायचं ते पडतच राहिलं. मग मित्राचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, लावून पाहिला. फरक नाही. मग रॅम. ती तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम तासन्‌तास चालवावा लागतो आणि भारनियमनामुळे दिवसा सलग लाइट नसे, म्हणून रात्री बारानंतर बसलो. पडद्यावर चुकांच्या लाल ओळी येऊ लागल्या. सापडलं असं वाटलं! दुसऱ्या रात्री मित्राची चांगली रॅम घातली, तरी त्याच लाल ओळी.

सुगावा लागला तो बोर्डावरच्या बटण-सेलमुळे. सेल काढून पुन्हा बसवला तेव्हा बायॉसच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या आणि सुरू होताना पडद्यावर १६६७ ऐवजी १२५० मेगाहर्ट्झ आलं. त्या वेगावर मशीन दिवसभर चाललं. मेमटेस्टमध्ये एकही चूक नाही.

याचा हिशेब सोपा आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डाच्या बसचा वेग गुणिले प्रोसेसरचा गुणक. माझा गुणक साडेबारा. बस १३३ वर असली की १६६७, आणि १०० वर असली की १२५०. नोंदी पुसल्यावर बोर्डाने आपला सुरक्षित आकडा, १००, धरला होता. मी बायॉसमध्ये जाऊन पुन्हा १३३ केलं आणि पाच मिनिटांत निळा पडदा आला. १०० केलं, शांत. असं चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

सगळे म्हणाले, चालतंय ना, मग राहू द्या तसंच. मला ते मान्य नव्हतं. जो प्रोसेसर १६६७ वर तीन वर्षं चालला तो आता चालत नाही, म्हणजे काहीतरी झिजतंय, आणि झिजणं १२५० वर येऊन थांबणार नाही. प्रोसेसर काढून मित्राच्या बोर्डावर बसवला. तिथे तो पूर्ण वेगाने रात्रभर चालला. आता उरला फक्त मदरबोर्ड. जुलैत १२५० वरही मशीन पडू लागलं आणि माझी भीती खरी ठरली.

बोर्ड घेऊन गेलो ते बाजारपेठेतल्या एका टीव्ही-मेकॅनिककडे. कॉम्प्युटर त्यांनी कधी दुरुस्त केला नव्हता. त्यांनी बोर्ड टेबललॅम्पखाली तिरका धरला, प्रोसेसरच्या खोबणीशेजारी उभ्या असलेल्या डब्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आठे देखा, सर. हाऊ कंडेन्सर फुगी गया.”

मी महिनाभर त्याच बोर्डाकडे बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. कंडेन्सरच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते. आत वायू साठला तर डबा फुटण्याऐवजी तिथून उघडावा म्हणून. सहांपैकी चार माथे तव्यावरच्या भाकरीसारखे वर आलेले. एकाच्या खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर आली होती.

या प्रोसेसरला व्होल्ट लागतात जेमतेम १.६५, पण भार असताना प्रवाह पस्तीस-चाळीस अँपिअरच्या घरात जातो. आपल्या घरच्या दिव्या-पंख्यांना सगळे मिळूनही एवढा लागत नाही. केळीच्या मळ्यात मोटरचं पाणी आधी टाकीत घेतात म्हणजे लाइट कमी-जास्त झाली तरी पुढची धार सारखी राहते. कंडेन्सर हे त्या टाकीचं काम करतात. टाकी गाळाने भरली तर एका नळाला पाणी पुरतं, सगळे नळ उघडले की धार तुटते. १२५० आणि १६६७ मधला फरक एवढाच होता. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष रसायन भरलेले असे कंडेन्सर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले होते. त्यात उष्णता वाढली की त्यांचं आयुष्य घटतं. दर दहा अंशांना निम्मं होतं असा ठोकताळा आहे. खानदेशातला उन्हाळा त्यांच्यासाठी फार कठीण.

टीव्हीत बसणारे साधे कंडेन्सर इथे चालत नाहीत. कमी अंतर्गत रोधाचे, १०५ अंशांचे लागतात. मी जळगावहून ३३०० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचे सहा आणले. मेकॅनिकभाऊंनी दोन तास लावून जुने काढले, प्रत्येक भोक सुईने साफ केलं, आणि नवे बसवताना ऋण बाजूची पट्टी दर वेळी मला दाखवून मगच कथिल लावलं.

रात्री बस १३३ वर नेली. १६६७. मेमटेस्ट पहाटेपर्यंत, चूक शून्य. दोन आठवड्यांत अकराही कॅसेट उतरल्या. “निंघना का मन्हा आवाज?” असं रोज विचारणाऱ्या फुईला कानबाईच्या आदल्या दिवशी सीडी दिली.

तुमच्याकडे असा जुना कॉम्प्युटर पडून असेल, वेग कमी केल्यावरच चालत असेल, तर भंगारात देण्याआधी प्लग काढून कॅबिनेट उघडा आणि बॅटरीच्या उजेडात प्रोसेसरजवळचे कंडेन्सर वरून बघा. माथा सपाट हवा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. त्यातल्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब राहतो.