शंभरावा हिस्सा

तालुक्याच्या शालेय क्रीडास्पर्धांत मी वीस-बावीस वर्षे घड्याळ धरले. मैदानावर फक्कीने आखलेल्या पट्ट्या, पिस्तुलाऐवजी शिट्टी आणि माझ्या मुठीत शाळेचे एकुलते एक स्टॉपवॉच. ते सेकंदाचा दहावा हिस्सा दाखवी. त्याहून बारीक काही मोजण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही. म्हणूनच की काय, ८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसला झालेली स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत माझ्या मनातून जात नाही. रुमानियाच्या कोजोकारूला ५५.४१ सेकंद लागले आणि केरळातल्या पय्योळीच्या पी. टी. उषाला ५५.४२. कोजोकारूला कांस्यपदक मिळाले. उषाच्या, आणि तिच्याबरोबर सगळ्या देशाच्या वाट्याला हळहळ आली.

सेकंदाचा शंभरावा हिस्सा म्हणजे किती? पापणी लवायलासुद्धा त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. तेवढ्यात उषाचे काय कमी पडले असेल, हा विचार मी पुष्कळदा केला. उत्तर पुढे तिनेच दिले. ऑलिंपिक ग्रामात तिला खाता येईल असे फारसे काही मिळत नव्हते. भाताची पेज आणि लोणचे यांवर तिने दिवस काढले आणि अखेरच्या ३५ मीटरांत अंगातले बळ पुरले नाही. कोकणातल्या माणसाला पेजेचा महिमा सांगायला नको. पेज पिऊन नांगर धरता येतो. पण दहा अडथळे ओलांडून जगाला मागे टाकणे निराळे.

हे वाचल्यापासून मला वाटत आले आहे की तो शंभरावा हिस्सा तिच्या पायांत हरवलाच नव्हता. या मुलीला काय जेवायला लागते, हा प्रश्न कोणत्याही कचेरीत कोणी विचारला नाही, तिथेच तो हरवला.

त्या कचेऱ्यांतून तेव्हा धावलेली माणसे कुठे होती? भारतीय ऑलिंपिक संघाचे पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा. त्यांच्यानंतर पतियाळाचे महाराज आले. त्यांतले यादवेंद्रसिंह १९३४ मध्ये एक कसोटी सामना खेळले होते. या मंडळींनी स्वतःचा पैसा आणि वजन खर्च केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले, तेव्हा खर्चाची जुळवाजुळव त्यांनाच करावी लागली. कोल्हापुरात त्यांच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आलेला हा माणूस पुढे पोलिसात नोकरी करीत राहिला. कुस्तीचा कारभार कसा चालावा, हे त्यांना विचारायला कोणी गेले असेल असे मला वाटत नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. उषाच्या त्या शर्यतीला तेव्हा जेमतेम आठवडा होत होता.

म्हणून १० डिसेंबर २०२२ रोजी उषा त्याच संघाच्या अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आल्या, तेव्हा मला घरचे कार्य असल्यासारखा आनंद झाला. त्या खुर्चीवर बसणारी ही पहिली स्त्री. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धांत चार सुवर्णपदके मिळवणारी, २००२ पासून मुलींसाठी धावण्याची शाळा चालवणारी आणि टिंटू लुकासारखी धावपटू घडवणारी. (पाहा, धावणारीला आपण 'ती' म्हणतो, खुर्चीवर बसली की ती 'त्या' होते.) निवडणूकही साधी नव्हती. संघातल्या भांडणांमुळे आंतरराष्ट्रीय समितीने निलंबनाचा इशारा दिला होता, आणि घटना दुरुस्त करायला सर्वोच्च न्यायालयाला एका निवृत्त न्यायमूर्तींना नेमावे लागले होते. घर पडायला आले की सून कर्ती होते, तसाच हा प्रकार.

पुढच्याच एप्रिलमध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचा आरोप होता. तो त्यांनी नाकारला. उषाबाई म्हणाल्या की खेळाडूंनी रस्त्यावर यायला नको होते, ही बेशिस्त आहे. पुष्कळांना ते लागले. ३ मे रोजी त्या स्वतः कुस्तीगिरांना भेटायला गेल्या, पण आधीचा शब्द निघून गेला होता.

तो शब्द कुठून आला असेल, याचा मला अंदाज आहे. धावणाऱ्याला आम्ही पहिला धडा देतो तो पट्टीचा. आपल्या पट्टीत राहा, शेजारी पाहू नकोस, रेघेवर पाय पडला तर बाद. याच धड्यावर उषा मोठी झाली. पण खुर्चीसमोर फक्कीच्या रेघा नसतात, आणि तिथे शेजारच्या पट्टीत पाहणे हेच काम असते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता आखाड्यात मुली तयार करते. तिने मला विचारले, "सर, मैदानच ज्याच्या हातात, त्याची तक्रार मैदानात राहून कुठे करायची?" मी तिला उत्तर देऊ शकलो नाही.

७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये तीच विनेश अंतिम लढतीच्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. लॉस एंजेलिसच्या शर्यतीला दुसऱ्या दिवशी चाळीस वर्षे पूर्ण होणार होती. उषाबाई तिला भेटायला दवाखान्यात गेल्या. दाद मागतानाही ऑलिंपिक संघ तिच्या बाजूने उभा राहिला, जरी उपयोग झाला नाही. पण त्याच आठवड्यात त्यांनी एक निवेदन काढले: वजन सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची आणि तिच्या प्रशिक्षकांची, संघाने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची नव्हे. नियमाच्या दृष्टीने बिनचूक वाक्य. तरी मला त्या पेजेची आठवण झाली. १९८४ मध्येही कोणीतरी म्हणू शकले असते, की काय खावे हे धावणारीने पाहावे.

मी उषाबाईंना दोष देत नाही. त्यांच्याच कार्यकारिणीतल्या बहुसंख्यांशी एका नेमणुकीवरून जानेवारी २०२४ पासून दीड वर्ष वाद चालला. अशा घरात स्वयंपाकाकडे कोण पाहणार? लॉस एंजेलिसला पहिली आलेली मोरोक्कोची नवाल एल मुतवकीलही पुढे आपल्या देशाची क्रीडामंत्री आणि आंतरराष्ट्रीय समितीची उपाध्यक्ष झाली. एकाच शर्यतीतली पहिली आणि चौथी, दोघी अखेर कचेरीत पोहोचल्या. तिथे दोघींनाही मदतीला घड्याळ नाही. धावपटूची कमाई त्याच मिनिटाला फलकावर दिसते. कारभाऱ्याची कमाई दिसली तर वीस वर्षांनी, आणि तीही दुसऱ्याच कोणाच्या पायांत.

खेळात कोणीतरी हरायचेच. उद्याही आपली एखादी मुलगी शंभराव्या हिश्श्याने हरेल, आणि आपण पुन्हा हळहळू. माझे मागणे एवढेच, की त्या हरण्याला एकच कारण असावे: शेजारच्या पट्टीतली त्या दिवशी तिच्याहून चांगली धावली.