उलट्या क्रमाने

पत्र्याला स्मरण असते, असे कोणी म्हटले असते तर पूर्वी मला ते कवीचे बोलणे वाटले असते. एका जुन्या मोटारीचा चेपलेला दरवाजा सरळ होताना पाहिला आणि कारागिराच्या लेखी ती रोजच्या व्यवहारातील गोष्ट आहे, हे कळले.

आमच्या घरी १९६७ सालची फियाट ११०० आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ती तयार झाली. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरली. वसईतील आमच्या गावात मात्र तिचे काम वेगळे होते. वडील हयात असताना अडलेली बाळंतीण, चर्चला निघालेली नवरी, आजाऱ्याला कम्युनियन द्यायला निघालेले फादर, साऱ्यांना या गाडीचे दार उघडे असे.

गेल्या उपवासकाळात शेजारच्या तरुणाचा भाजीचा टेम्पो मागे येताना तिच्या डाव्या अंगावर आदळला. मागचा दरवाजा आत गेला, त्यावर तिरकी दुमड उमटली आणि दोन दारांमधली फट बुजली. या गाडीला वेगळी चासी नाही; पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे एके ठिकाणचा मार दुसरीकडे जाणवतो.

आमच्या दोन्ही घरांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. आरंभ शेताच्या बांधावरून झाला. मग एका वर्षी नाताळच्या फराळाचे ताट आले तसे परत गेले. पुढे वडिलांच्या अंत्यविधीला त्या घरातून कोणी आले नाही. आता वर हा टेम्पो. तो तरुण सकाळी स्वतः येऊन अंगणात खाली मान घालून उभा राहिला. दादा म्हणाले, “पोलिसांत जाऊ.” आई म्हणाली, “आधी मिस्त्रीला बोलाव.”

भंगार बाजारातून दुसरा दरवाजा आणता आला असता. पण आईने तो आणू दिला नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करायची तर ती मूळ स्वरूपात असावी लागते.

मिस्त्रींनी आल्याबरोबर हातोडी उचलली नाही. डोळे मिटून ते कितीतरी वेळ पत्र्यावरून तळहात फिरवत राहिले. मग म्हणाले, “साहेब, सगळा पत्रा बिघडलेला नाही. दुमडीने त्याला धरून ठेवलंय. आणि जे शेवटी वाकलं, ते आधी काढायचं.”

त्यांच्या बोलण्यातला अर्थ पुढील चार दिवसांत उलगडला. जिथे पत्रा दुमडतो तिथे तो कडक होतो. भोवतालचा भाग केवळ ताणाने आत खेचलेला असतो. मधल्या खळग्यावर घाव घातले तर चांगला पत्राही ताणला जातो. म्हणून एका बाजूने लोखंडी ठोकळा धरून, दुसऱ्या बाजूने हलक्या हाताने, माराच्या उलट क्रमाने दुमड सोडवायची. ती सुटली की बराचसा पत्रा आपणच मूळ जागी येतो. जिथे तो ताणून फुगला असेल, तिथे नाण्याएवढा ठिपका गॅसने लाल करायचा, भोवती हलके ठोकायचे आणि ओल्या फडक्याने निववायचे, पत्रा आकसतो. पुट्टी अगदी शेवटी आणि पातळ. “जाड पुट्टीने काम लवकर दिसतं,” मिस्त्री म्हणाले, “पण ती तडकते. मग आत पाणी शिरतं आणि पत्रा आतून गंजतो.” समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तो तरुण रोज संध्याकाळी येऊन पाणी मारून पॉलिश पेपर घासू लागला. तिसऱ्या दिवशी आईने त्याच्या हाती चहा दिला. चौथ्या दिवशी दादांनी त्याच्याकडून पैसे घेण्याचे नाकारले. टेम्पोची गोष्ट तिथे मिटली.

वेदीवर अर्पण ठेवण्यापूर्वी भावाशी समेट कर, असे प्रभू येशूने सांगितल्याचे मत्तयच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. कुठून आरंभ करावा, याची वाट मला त्या दरवाजाने दाखवली. आपण नेहमी भांडणाच्या मुळाशी, बांधाशी, जाऊन घाव घालतो आणि जे शाबूत आहे तेही ताणून ठेवतो. पुनरुत्थानाच्या सणानंतर त्या घरातील काका वडिलांच्या कबरीवर फुले ठेवून आले. त्यांनी आम्हांला सांगितले नाही, आईने पाहिले. नाताळात आमच्याकडून फराळाचे ताट गेले. ते परत आले तेव्हा त्यात त्यांच्या घरचे पदार्थ होते.

बांधाचा प्रश्न सुटलेला नाही. मोजणी व्हायची आहे आणि दोन्हीकडचे कागद जुळत नाहीत. ती सर्वांत जुनी दुमड आहे. तिची पाळी शेवटी. मात्र तिच्याविषयी बोलायला काका आणि दादा आता एकाच ओटीवर बसतात.