बाबेलनंतरची टिपणे

१.
याकोब बोमे. जर्मनीच्या पूर्व टोकाला गर्लिट्झ गावात मोचीकाम करणारा. पंडितांची लॅटिन त्याच्याजवळ नव्हती. १६०० साली कथलाच्या भांड्यावर चमकलेल्या उजेडात त्याला सृष्टीचे मर्म दिसले, असे सांगतात. लिहायला बसला तो १६१२ मध्ये. पुस्तकाचे नाव ‘आउरोरा’, म्हणजे उषा.

२.
हस्तलिखिताच्या नकला फिरू लागल्या. लूथरपंथी पाळकाने व्यासपीठावरून त्याला झोडपले. नगरसभेने लिहिण्यास मनाई केली. काही वर्षे त्याने ती पाळलीही.

३.
बोमेचे म्हणणे असे: आदमाने प्राण्यांना नावे दिली ती त्यांचा स्वभाव ओळखून. ती निसर्गभाषा बाबेलच्या मनोऱ्यापाशी भाषा फुटल्या तेव्हा हरवली, पण प्रत्येकाच्या मायबोलीखाली ती अजून वाहते आहे. म्हणून बायबलातल्या ‘उत्पत्ती’चे पहिले वाक्य तो जर्मनमध्येच घेतो आणि एकेक अक्षर सुटे करतो. कोणता ध्वनी ओठांवर उमटतो, कोणता दातांत अडतो, कोणता आत राहतो. त्या काळचे विद्वान मूळ भाषा हिब्रूत शोधत होते. हा बाजारातल्या बोलीत शोधतो. भाषाशास्त्र म्हणून यातले काही टिकणार नाही. तरी मला हे पान फार मोलाचे वाटते. देवाचे बोलणे समजायला मोच्याला कुणाची भाषा उसनी घ्यावी लागत नाही.

४.
१६२३. ‘उत्पत्ती’वरचे त्याचे मोठे भाष्य पुरे झाले. पंथापंथांची भांडणे म्हणजेच बाबेल, असे तो मानी. तीस वर्षांचे युद्ध सुरू होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

५.
१६१६, गोव्यातली साष्टी. इंग्लंडात जन्मलेला जेसुइट थॉमस स्टीफन्स याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. जुन्या करारातले संदेष्टे मराठीत बोलतात आणि मराठीची स्तुतीही आहे. लिपी मात्र रोमन.

६.
कोमेनियस, मोरावियाचा निर्वासित पाळक. मुलाने आधी मायबोलीत शिकावे, हा त्याचा आग्रह. ‘प्रकाशाचा मार्ग’ हे पुस्तक त्याने लंडनमध्ये १६४१-४२ च्या सुमारास लिहिले, छापले १६६८ मध्ये. त्यात सर्व माणसांसाठी एका नव्या भाषेची मागणी आहे. माणसे एकमेकांना समजली तर धर्मातली वैरे मिटतील, ही त्याची खरीखुरी आशा.

७.
याच कोमेनियसने १६५७ मध्ये तीन समकालीन द्रष्ट्यांची भाकिते लॅटिनमध्ये छापली. हाब्सबुर्ग सत्ता कोसळणार, असे त्यांत होते. ती कोसळली नाही. त्या द्रष्ट्यांपैकी द्राबिक ऐंशी ओलांडलेला असताना १६७१ मध्ये प्रेसबुर्गला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, मारला गेला. आधी उजवा हात तोडला, मग डोके.

८.
क्विरिनुस कूलमान, कवी. बोमे वाचून पेटला. सुलतानाला ख्रिस्ती करायला कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गेला. १६८९ मध्ये मॉस्कोत त्याला जाळले. तक्रार तिथल्या लूथरपंथी पाळकाची.

९.
१६८४, गोवा. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा हुकूम: तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे.

१०.
कोमेनियसच्या सात भागांच्या महाग्रंथाचा पाचवा भाग ‘पानग्लोत्तिया’, सारा भाषांवर. १६७० मध्ये तो वारला तेव्हा ग्रंथ अपुराच होता. हस्तलिखित हाल्ले येथील अनाथालयाच्या संग्रहात पडून राहिले. १९३०च्या दशकात सापडले. प्रागमध्ये संपूर्ण छापले गेले १९६६ साली.