तरुण एजंटाचा आत्मविश्वास आणि कागदपत्रांची साक्ष

घर किंवा जमीन घेणे हा महाराष्ट्रातील बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो; अनेक वर्षांची बचत, भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम आणि वीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज त्या एकाच निर्णयात गुंतते. या व्यवहारात खरेदीदार आणि विक्रेता यांच्यामध्ये उभा राहणारा मध्यस्थ, म्हणजे बोलीभाषेतील एजंट, पुष्कळदा विशी-पंचविशीतला असतो. तो स्वतः भाड्याच्या घरात राहतो, त्याच्या नावावर एकही दस्त नोंदलेला नसतो आणि समोर बसलेले गृहस्थ त्याच्या वडिलांच्या वयाचे असतात. एवढ्या मोठ्या व्यवहारात आपला सल्ला कोणी का मानावा, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला तर त्यात अस्वाभाविक काही नाही. या शंकेला मनाचा दुबळेपणा समजून तिच्यावर स्फूर्तिदायक भाषणांचा उपाय करण्याची या व्यवसायात मोठी प्रथा आहे. वास्तविक ही शंका बहुतेक वेळा एखाद्या ठरावीक अज्ञानाकडे बोट दाखवत असते आणि ते अज्ञान ओळखून दूर करणे हाच आत्मविश्वास मिळवण्याचा टिकाऊ मार्ग आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमताविश्वासाची संकल्पना मांडली. एखादे विशिष्ट काम आपण पार पाडू शकू, हा माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज म्हणजे स्व-क्षमताविश्वास. तो सर्वसाधारण स्वाभिमानापेक्षा वेगळा असतो, कारण तो कामागणिक बदलतो. बंडुरा यांनी त्याचे चार स्रोत सांगितले : स्वतः काम यशस्वीपणे केल्याचा अनुभव, आपल्यासारख्या इतरांना ते करताना पाहणे, दुसऱ्यांनी दिलेले शाब्दिक प्रोत्साहन, आणि काम करतानाच्या शारीरिक व भावनिक अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यांपैकी पहिला स्रोत सर्वांत प्रभावी, तर नुसते प्रोत्साहन तुलनेने दुर्बळ. तरुण एजंटाची अडचण अशी की, या व्यवसायात पूर्ण झालेला व्यवहार हीच यशाची एकमेव खूण मानली जाते आणि तसा पहिला व्यवहार हाती येण्यास महिनोन्‌महिने लागू शकतात. त्या काळात त्याला भरपूर मिळते ते प्रोत्साहन, म्हणजे चारांतील दुर्बळ साधन. म्हणून विक्रीपेक्षा लहान, पण स्वतःच्या बळावर पूर्ण करता येतील अशी कामे आधी आत्मसात करणे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

ही लहान कामे कोणती, हे ठरवण्यासाठी मध्यस्थाची समाजाला गरज का असते ते पाहिले पाहिजे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, विक्रेत्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात आणि खरेदीदाराला नसतात तेव्हा बाजारातील विश्वासच ढासळतो आणि चांगल्या वस्तूलाही योग्य किंमत मिळत नाही. माहितीची ही विषमता जमीनजुमल्याच्या बाजारात फार मोठी असते, कारण जमिनीचा दोष डोळ्यांना दिसत नाही. तो नोंदींमध्ये असतो. ती विषमता कमी करणे हे मध्यस्थाच्या मोबदल्याचे खरे समर्थन आहे. त्यामुळे गोड बोलणे, कपड्यांची ऐट किंवा मोठमोठ्या ओळखी यांच्या अभावाने खचून जाण्याचे तरुण एजंटाला कारण नाही. कागद वाचता न येण्याने मात्र त्याने अवश्य अस्वस्थ व्हावे.

ग्रामीण आणि निमशहरी भागात हे वाचन सातबारा उताऱ्यापासून सुरू होते. गाव नमुना सात हे जमिनीच्या अधिकाराचे पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंचा एकत्रित उतारा म्हणजे सातबारा. त्यात भोगवटादाराच्या नावाइतकाच ‘इतर हक्क’ हा रकाना महत्त्वाचा असतो, कारण बँकेचा बोजा किंवा कुळाचा हक्क तेथे नोंदलेला असतो. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तिचे हस्तांतरण होत नाही, आणि शेतजमीन असल्यास १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यातील कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला ती परवानगीविना विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावरील प्रत्येक नाव कोणत्या फेरफाराने आले, म्हणजे खरेदीने, वारसाहक्काने की वाटपाने, हे गाव नमुना सहाच्या फेरफार नोंदवहीतून पाहावे लागते. वारसनोंदीत बहिणींची नावे लागली आहेत की नाहीत, हा त्यातील हमखास विचारण्याचा प्रश्न. शिवाय फेरफार नोंद महसुली प्रयोजनासाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. म्हणूनच साधारणपणे तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून करून घेण्याचा प्रघात पडला आहे. वकिलाचे काम एजंटाने करायचे नसते. पण कोणता प्रश्न वकिलाकडे न्यायचा हे त्याला कळले पाहिजे, आणि हे कळण्यासाठी वयाची अट नाही.

शहरातील सदनिकेच्या बाबतीत कागद बदलतात, पद्धत तीच राहते. भूखंडाची मिळकत पत्रिका, महापालिकेने दिलेले बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, इमारत वापरास योग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र, पूर्वीच्या नोंदणीकृत करारांची साखळी, प्रत्येक कराराचा सूची क्रमांक दोन, अर्थात इंडेक्स टू, आणि गृहनिर्माण संस्थेचे भागप्रमाणपत्र हा संच तपासल्याशिवाय पुनर्विक्रीचा व्यवहार पुढे नेऊ नये. क्षेत्रफळाचा विषयही असाच आहे. बाजारात दीर्घकाळ ‘सुपर बिल्टअप’ या आकड्यावर भाव सांगितले गेले, ज्यात जिना आणि लिफ्टची जागाही मिसळलेली असे. २०१६ च्या स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याने, म्हणजेच रेराने, चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली : बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांसाठीच्या पोकळ जागा, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, पण आतील विभाजक भिंती धरून मिळणारे निव्वळ वापरायोग्य क्षेत्र. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे गुणोत्तर जिभेवर असलेला आणि स्वतः टेप धरून खोली मोजणारा तरुण ग्राहकापुढे बोलताना अडखळत नाही, कारण त्याला मत मांडायचे नसते, मोजलेले सांगायचे असते.

रेराने या व्यवसायाचे स्वरूप आणखी एका अंगाने बदलले. कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड किंवा सदनिकांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्याला स्वतःची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात ती पाच वर्षांसाठी असते. कलम १० त्याच्यावर हिशेब ठेवण्याचे, खोटी जाहिरात न करण्याचे आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळावयाची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून देण्यास साहाय्य करण्याचे बंधन घालते. या कलमांचा भंग झाल्यास दररोज दहा हजार रुपये आणि एकूण संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ मध्ये महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता परीक्षा आवश्यक केली. या साऱ्याकडे केवळ जाच म्हणून पाहणारे अनुभवी लोक आहेत. परंतु ज्याच्या पाठीशी ना घराण्याचा व्यवसाय, ना जुनी गिऱ्हाइके, अशा नवागताला या नियमांनी पहिल्यांदाच एक सार्वजनिक मोजपट्टी दिली. ‘करारनामा नोंदवण्याआधी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही’ हे कलम १३ मधील बंधन तो सांगतो, तेव्हा त्याच्या वाक्यामागे त्याचे वय उभे नसते, कायदा उभा असतो.

आणि जे ठाऊक नाही त्याचे काय? १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम २१२ या प्रश्नाचे फार समंजस उत्तर देते. समव्यवसायी लोकांपाशी सामान्यतः असते तेवढे कौशल्य एजंटाने वापरलेच पाहिजे. मात्र त्या कौशल्याच्या उणिवेची कल्पना मालकाला असेल, तर हा नियम त्याला अपवाद करतो. म्हणजे आपली मर्यादा आधी स्पष्ट सांगणे हे कायद्याच्या नजरेतही प्रामाणिक वर्तन आहे. ‘हा मुद्दा तपासून उद्या सांगतो’ हे वाक्य तरुण एजंटाला कमीपणाचे वाटते. त्याने दुसऱ्या दिवशी खरोखर तपासून सांगितले, तर तेच वाक्य त्याची पत वाढवते. अंदाजाने दिलेले ठाम उत्तर मात्र एकदा खोटे ठरले की पुन्हा ऐकून घेतले जात नाही.

ज्ञानाने सुटत नाही अशी अडचण उत्पन्नाची. त्याच करार कायद्याच्या कलम २१९ नुसार वेगळा करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. परिणामी दहा-वीस जागा दाखवूनही व्यवहार मोडला तर हाती काही येत नाही, आणि कधीकधी दोन्ही पक्ष एकमेकांना परस्पर गाठून मध्यस्थाला वगळतात. यावर पहिला उपाय म्हणजे सेवा, मोबदल्याचे प्रमाण आणि तो देय होण्याची वेळ सुरुवातीलाच लेखी ठरवणे. नवख्याला पैशांचे बोलणे आधी काढण्याचा संकोच वाटतो. पण त्या संकोचाची किंमत शेवटी त्यालाच मोजावी लागते. दुसरा उपाय म्हणजे भाड्याच्या कामापासून आरंभ करणे. लिव्ह अँड लायसन्स करार, अर्थात जागा ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा अनुज्ञप्ती करार, थोड्या दिवसांत पूर्ण होतो आणि त्यातून हातखर्चापुरते उत्पन्न मिळते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा सार्वत्रिक गैरसमज; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वादात अटींविषयीचे भाडेकरूचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत खरे मानले जाते. एवढी एक गोष्ट घरमालकाला नीट समजावून देणारा तरुण पुढे त्याच मालकाच्या विक्रीच्या वेळी आठवला जातो. तिसरा उपाय म्हणजे अनुभवी एजंटाबरोबर ब्रोकरेज वाटून काम करणे. त्यात रक्कम निम्मी होते, पण बंडुरा यांनी सांगितलेला दुसरा स्रोत, म्हणजे जाणत्याला काम करताना जवळून पाहणे, त्याच व्यवहारात लाभतो.

नकाराचा विचारही याच शिस्तीने करावा लागतो. मार्टिन सेलिगमन आणि त्यांचे सहकारी पीटर शुलमन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील आयुर्विमा विक्रेत्यांच्या अभ्यासात असे दाखवले की, अपयशाचे कारण कायमचे, सर्वव्यापी आणि आपल्यातच असल्याचे मानणारे विक्रेते कमी विक्री करतात आणि व्यवसाय लवकर सोडतात. विमा आणि घर यांत फरक आहे, तरीही निष्कर्ष येथे लागू पडण्याजोगा आहे. एखादी पार्टी मागे फिरते तेव्हा कर्जाची मंजुरी कमी झालेली असू शकते, कुटुंबात एकमत नसू शकते, भाव रेडी रेकनरच्या, म्हणजे शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याच्या, मानाने अवाजवी असू शकतो, किंवा एजंटाने ग्राहकाची गरज न ऐकताच जागा दाखवलेली असू शकते. प्रत्येक भेटीनंतर यांपैकी नेमके कारण वहीत लिहून ठेवल्यास ‘मला हे जमत नाही’ या मोघम निष्कर्षाची जागा दुरुस्त करता येण्याजोग्या बाबींची यादी घेते.

तथापि सर्वच अडथळे व्यक्तीच्या मनात नसतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एकट्या तरुण स्त्रीला रिकाम्या सदनिकेत अनोळखी ग्राहकाला घेऊन जावे लागते. तेथे तिला वाटणारी धास्ती आत्मविश्वासाची उणीव नसून योग्य सावधपणा आहे, आणि आलेल्याची ओळख नोंदवणे, सहकाऱ्यासह जाणे ही व्यवस्था करण्याचे दायित्व तिच्या कार्यालयाचे आहे. धर्म, जात, आहार किंवा अविवाहित असणे यांवरून घर नाकारणाऱ्या मालकांचा निरोप पोहोचवण्याचे ओझेही नवख्या एजंटावर पडते. मोबदल्याच्या ओढीने त्याची सवय होऊ देणे हा त्याच्या स्वाभिमानाला लागणारा सर्वांत खोल घाव होय. अशा बाबतींत तरुणाला धीर देऊन भागत नाही, व्यवसायाने आपल्या रीती बदलल्या पाहिजेत.

आत्मविश्वासाची खरी कसोटी होकार मिळवण्यापेक्षा नकार देण्यात लागते. वारसांची संमती अपुरी आहे, भोगवटा प्रमाणपत्र नाही किंवा प्रकल्पाची नोंदणी नाही हे दिसत असताना, महिन्याचा खर्च डोक्यावर असूनही, ‘ही जागा घेऊ नका’ असे ग्राहकाला सांगता येणे, ही मध्यस्थाच्या प्रौढतेची खूण आहे. त्यासाठी लागणारे धैर्य जन्मजात नसते. कागद तपासण्याची सवय आणि गरजेपुरते नियमित उत्पन्न या दोन आधारांवर ते उभे राहते. म्हणून नवागतांना विक्रीचे उद्दिष्ट देणाऱ्या कार्यालयांनी पहिल्या काळात किमान निश्चित वेतन, एका अनुभवी सहकाऱ्याची सोबत आणि उताऱ्यांच्या वाचनाचे रीतसर शिक्षण द्यावे. तरुण एजंटाच्या मनात उठणारी शंका या शिक्षणाने नाहीशी होणार नाही, आणि ती व्हावी अशी अपेक्षाही धरू नये. तिचा रोख स्वतःवरून दस्तऐवजांकडे वळला की, ज्या कुटुंबाने आपली आयुष्यभराची बचत त्याच्या शब्दावर विसंबून ठेवली आहे, त्या कुटुंबाचे तीच रक्षण करते.