सगळं एकात, पण आत काय?

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेसाठी संगणक घ्यायचं ठरलं आणि निवडीचं काम आम्हा तिघांवर सोपवण्यात आलं. पैसे चंद्याचे होते. त्यात बिड्या वळणाऱ्या बायकांचे पन्नास-पन्नास रुपये होते, राइस मिलमधल्या हमालांचे शंभर-शंभर होते. अशा पैशाला आम्ही अमानत म्हणतो. स्वतःच्या पैशाने आणलेली वस्तू बिघडली तर घरात चार दिवस कुरबुर होते. अमानतीच्या पैशाने आणलेली बिघडली तर पुढच्या वेळी चंदा मागायला तोंड राहत नाही.

गरजही खरी होती. बारावीनंतरचे प्रवेश अर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, परीक्षांची हॉलतिकिटं हे सगळं ऑनलाइन. मोबाइलवर निम्मा अर्ज भरला की पान सरकतं, फोटोचा आकार जमत नाही. मग मुली सायबर कॅफेत जातात. तिथे पैसे मोजावे लागतात, आणि शेवटच्या तारखेला गर्दीत रात्रीचे नऊ वाजले की घरच्यांचे फोन सुरू होतात. अर्ज राहिला तर वर्ष जातं, आणि मुलीचं वर्ष गेलं की पुष्कळदा शिक्षणच जातं.

आमची खोली एकच आहे. सकाळ-संध्याकाळ अभ्यास चालतो, मध्येच कुणाची बैठक, कधी आरोग्य शिबिर. टेबल रोज हलवावं लागतं आणि रात्री संगणक लोखंडी कपाटात कुलूपबंद करावा लागतो. मॉनिटर, सीपीयू, स्पीकर आणि दहा वायरी घेऊन हे रोज कोण करणार? म्हणून ऑल-इन-वनचा विचार पुढे आला. पाच-सहा किलोचं यंत्र, भिंतीकडे जाणारी एकच वायर, एका मुलीलाही उचलता येतं. दुकानात तो पाहिल्यावर कमिटीतले बुजुर्ग चाचा त्याच्या मागे जाऊन वाकले आणि म्हणाले, "इसका डब्बा किधर है?" सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता. डबा स्क्रीनच्या पाठीत आहे, आणि त्या डब्यात काय आहे हे किमतीच्या चिठ्ठीवर नीट लिहिलेलं नसतं.

ही कल्पना जुनी आहे. १९९८ साली अ‍ॅपलने निळसर रंगाचा पहिला आयमॅक काढला तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघाला. आज एचपी, लेनोवो, डेल, असूस, एसर सगळेच ऑल-इन-वन विकतात. आमच्याकडची चर्चा मात्र "कुठली कंपनी चांगली" इथेच अडकून होती. धानाच्या जिल्ह्यातल्या माणसांनी तरी असं करू नये. एचएमटी तांदूळ आपण सगळे खातो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेल्या त्या वाणाला नाव मिळालं ते घड्याळाचं. पण पोत्यावर एचएमटी लिहिलंय म्हणून कुठला व्यापारी डोळे मिटून पैसे मोजतो? तो पोत्यात टोकदार नळी खुपसतो, आतले दाणे तळहातावर घेतो, मग भाव बोलतो. संगणकाच्या बाबतीतही तेच करायला हवं.

पहिला दाणा प्रोसेसरचा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर "रायझन ५, ७००० सिरीज" असा सारखाच स्टिकर होता. बारीक अक्षरांत एकावर ७५२०यू होतं, दुसऱ्यावर ७५३०यू. फरक फक्त एका आकड्याचा, पण एएमडीच्या या नावांत तिसरा आकडा आतली रचना कुठल्या पिढीची ते सांगतो. पहिल्यात झेन २ ही २०१९ सालची रचना आणि चार कोअर. दुसऱ्यात त्यापुढची झेन ३ आणि सहा कोअर. इंटेलच्या बाबतीत शेवटचं अक्षर बघायचं. 'यू' असेल तर तो कमी वीज खाणारा लॅपटॉपचा प्रोसेसर. अर्ज भरायला आणि टायपिंगला तो पुरतो, पण टेबलावर ठेवतोय म्हणून डेस्कटॉपची ताकद मिळेल असं समजू नये.

दुसरा दाणा रॅमचा. ७५२०यूच्या सोबतची मेमरी बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आयमॅकमध्येही तेच. २०२१चा एम१ आयमॅक ८ जीबीपासून सुरू व्हायचा, २०२४चा एम४ आयमॅक १६पासून सुरू होतो. जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. काही विंडोज यंत्रांत मात्र लॅपटॉपची साधी रॅम लागते आणि एक स्लॉट रिकामा असतो. चंद्यावर चालणाऱ्या जागेत या रिकाम्या स्लॉटला मोल आहे. आज ८ जीबी घ्यावी, पुढच्या वर्षी पैसे जमले की आणखी ८ घालावी.

तिसरा स्क्रीनचा. इथे आयमॅक निर्विवाद पुढे आहे. त्याची स्क्रीन एका इंचात सुमारे २१८ ठिपके दाखवते, २३.८ इंची फुल एचडीवर ते ९३च्या आसपास येतात. आमच्यातल्या एकाचा आग्रह २७ इंचासाठी होता. पण फुल एचडी ठेवून स्क्रीन मोठी केली की तेच ठिपके ताणले जातात आणि इंचाला ८२ उरतात. मराठीतला रफार, उर्दू नस्तालीकमधले नुक्ते तिथे भरड दिसतात. लहान स्क्रीन स्वस्तही पडते आणि अक्षरही नीट वाचता येतं.

मग आयमॅकच का नाही? २०२४ साली एम४ची सुरुवातच १ लाख ३४ हजार ९०० रुपयांपासून झाली. तेवढ्यात साधी दोन विंडोज यंत्रं येत होती. शिवाय उर्दूसाठी आमच्याकडे सगळे इनपेज वापरतात आणि मुलींचं मराठी टायपिंगही विंडोजवरच झालेलं. जे यंत्र शेजारच्या माणसाला शिकवता येत नाही ते आमच्या उपयोगाचं नाही.

चौथी गोष्ट विजेची. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, तरी वादळी पावसात एखादी फांदी तारेवर पडली की मोहल्ला अंधारात जातो. अर्जाच्या शेवटच्या तारखा नेमक्या पावसाळ्यात येतात. इथे ऑल-इन-वनचा खरा फायदा आहे. कमी वीज खाणारं यंत्र साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर अर्ध्या तासाहून जास्त चालतं; मोठा सीपीयू आणि वेगळा मॉनिटर त्याच यूपीएसवर पंधरा-वीस मिनिटांत दम टाकतात. पंधरा मिनिटांत अर्ज पूर्ण होईलच असं नाही.

पाचवी दुरुस्तीची. सगळं एकात असलं की एक भाग गेला तरी सगळंच बंद. साध्या संगणकाचा मॉनिटर गेला तर शेजारून मागून आणता येतो. त्यात मे महिन्यातला आमचा उन्हाळा आणि मिलच्या कोंड्याची धूळ. म्हणून प्रत्येक दुकानात आम्ही तेच तीन प्रश्न विचारले. पाठीचं झाकण स्क्रूने उघडतं का? वॉरंटीत माणूस गोंदियाला येतो, की यंत्र १३० किलोमीटरवर नागपूरला न्यावं लागतं? आणि मागे एचडीएमआय इन आहे का? ही खाच असेल तर आतला संगणक मेला तरी स्क्रीन मॉनिटर म्हणून वापरता येते. बऱ्याच यंत्रांना फक्त आउट असतं, आणि विकणाऱ्यालाही तो फरक माहीत नसतो.

स्वस्तातल्या जुन्या यंत्रांचाही मोह झाला होता. पण इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्या यंत्रावर मुली आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील भरणार, ते असं उघडं ठेवणं बरं नव्हे.

शेवटी २३.८ इंची, एक स्लॉट रिकामा असलेलं, घरपोच वॉरंटीचं, एचडीएमआय इन असलेलं यंत्र घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण सहा महिन्यांत त्याच नावाखाली दुसराच माल येतो. सर्वांत चांगली स्क्रीन आम्हाला मिळाली नाही, सर्वांत वेगवान प्रोसेसरही नाही. पण चाचांनी कमिटीसमोर हिशेब ठेवला तेव्हा प्रत्येक रुपयाचं कारण ते स्वतः सांगू शकले. रॅम म्हणजे काय तेही त्यांनी सांगितलं. आता यंत्र कपाटातून काढायचं काम अकरावीतल्या दोघी आळीपाळीने करतात, आणि शेवटच्या तारखेची वाट न पाहता अर्ज भरले जातात.