ब्याऐंशी कासवं आणि एक नापास

कामासाठी परदेशी जाणं म्हणजे एअरपोर्ट, हॉटेल, ऑफिस आणि पुन्हा एअरपोर्ट. हनोईतही तेच होणार होतं. पण शुक्रवारी रिलीज चक्क वेळेत गेलं (हो, असंही होतं कधीकधी!) आणि अख्खा शनिवार हातात आला. तिथल्या टीममधली एक जण म्हणाली, "चल, तुला वान म्यू दाखवते."

वान म्यू म्हणजे साहित्याचं मंदिर. व्हिएतनामच्या एक लाखाच्या नोटेवर याचंच चित्र आहे. (एक लाख डाँग म्हणजे आपले साधारण साडेतीनशे रुपये, उगाच हुरळून जाऊ नका.) १०७० साली ली थान तोंग राजाने हे कन्फ्युशियससाठी बांधलं. सहाच वर्षांनी आत शाळा निघाली. सुरुवातीला राजघराण्यातल्या मुलांसाठी, पुढे बाहेरच्या हुशार मुलांसाठीही. देशाचं पहिलं विद्यापीठ ते हेच.

बाहेर स्कूटरींचा नुसता पूर. आत शिरलो की एकदम शांत. एकामागे एक असे पाच चौक. तिसऱ्या चौकात एक चौकोनी तळं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी कासवं. मोजून ब्याऐंशी! प्रत्येकाच्या पाठीवर एक उभी शिळा, आणि शिळेवर राजाच्या परीक्षेत पास झालेल्यांची नावं. १४४२ ते १७७९ या काळातल्या परीक्षांचे हे निकाल. तेराशेच्या वर नावं आहेत. २०११ मध्ये युनेस्कोने या शिळांची जागतिक वारसा-स्मृती म्हणून नोंद केली. परीक्षेआधी मुलं येऊन कासवांच्या डोक्यावरून हात फिरवायची, म्हणून आता कठडा घातलाय.

परीक्षेचे टप्पे तीन. आधी प्रांताची, मग राजधानीतली, शेवटी थेट राजवाड्यात. प्रांताच्या परीक्षेला मुलं स्वतःचा तंबू आणि बसायचा बाक पाठीवर घेऊन जायची आणि उघड्या मैदानात पेपर लिहायची. राजाच्या नावातलं अक्षर चुकून लिहिलं तरी बाद!

पूर्व, मुख्य, मुलाखत... मला हसूच आलं. आणि मग आलं नाही.

माझा धाकटा भाऊ पुण्यात पाच वर्षं एमपीएससी करतोय. एकदा मुख्य परीक्षेत तीन मार्कांनी राहिला. त्याच्या खोलीचं भाडं मी भरतो. भाडं भरतो म्हणून विचारायचा हक्कही आपलाच, असं मला वाटायचं. तर या गणपतीत आरती झाल्यावर, घरभर पाहुणे असताना, मी विचारलं, "अजून किती वर्षं काढणार आहेस यात?" तो काहीच बोलला नाही. प्रसादाचं ताट घेऊन पुढच्या माणसाकडे गेला. तेव्हापासून त्याचे मेसेज म्हणजे "हो", "ठीक", "पोचलो".

कासवांसमोर उभं राहून मी मैत्रिणीला विचारलं, "नापास झालेल्यांची नावं कुठे असतात?"

ती हसली. म्हणाली, "एकाचं तर सगळ्यांना माहीत आहे. तू सुअंग."

हा १८७० चा जन्म. आठ वेळा प्रांताच्या परीक्षेला बसला आणि खालची पदवी मिळवून तिथेच अडकला. परीक्षेची, साहेबाची, स्वतःची यथेच्छ टिंगल करणाऱ्या कविता लिहिल्या. नदीकाठी माल विकून घर चालवणाऱ्या बायकोवरही एक लिहिली. ती कविता हिला शाळेत होती. १९०७ मध्ये तो गेला. पुढे बाराच वर्षांनी, १९१९ साली शेवटची परीक्षा झाली आणि सगळा प्रकारच बंद पडला.

"आणि या दगडावरची नावं?" मी विचारलं.

तिने वाकून पाहिलं. "मला वाचता येत नाहीत." सगळं चिनी लिपीत! व्हिएतनामी आता रोमन अक्षरांत लिहितात. आपलं मोडीचं झालं तसंच. पाचशे वर्षं टिकलेला निकाल, आणि समोर उभ्या दोन इंजिनिअरांपैकी एकालाही वाचता येईना.

आता, प्रत्येक नापास माणूस कवी होतो असं मुळीच नाही. माझा भाऊ तर नाहीच होणार. शिवाय शिळेवरच्या लोकांनीही जीव तोडून अभ्यास केला होता, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण दगडाला दोनच गोष्टी कळतात: नाव आहे किंवा नाही. त्या दिवशी आरतीनंतर मी त्या दगडासारखाच वागलो होतो. सकाळी सहाला अभ्यासिकेत जागा धरणारा, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर पुस्तकं घेऊन दवाखान्यात बसलेला माणूस मला दिसलाच नव्हता. मी तेव्हा 'प्रोजेक्टवर' होतो.

बाहेर येऊन एका कासवाचा फोटो त्याला पाठवला. खाली लिहिलं, "इथे परीक्षेआधी याच्या डोक्यावर हात ठेवायचे. तुझ्या वतीने ठेवणार होतो, पण कठडा आहे."

दहा मिनिटांनी उत्तर आलं, "कासव बरोबर निवडलंस दादा. माझाच स्पीड."

मग मी फोन लावला. गणपतीतलं बोलणं चुकलं, असं सरळ सांगून टाकलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अजून एकच अटेम्प्ट देणार आहे. तुला आधीच सांगायचं होतं, पण तू विचारलंस ते तसं."

असो. पुढचा अर्धा तास आम्ही परीक्षेबद्दल एक शब्दही बोललो नाही.